ओएनटीची जोडणी आणि टेस्टिंग: आधी हिशोब, मग मीटर

भाऊ, ओएनटी, म्हणजे ग्राहकाकडचा फायबरचा डबा, आता तिसऱ्यांदा बदलू नका, त्याच्यात काही दोष नाही.

तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं, की बीड जिल्ह्यातल्या केजच्या पुढं एका गावात पतसंस्थेच्या शाखेला तुम्ही फायबरचं कनेक्शन दिलं, एक्स्चेंजपासून केबल साधारण ६ किलोमीटर, मधी १ ला ८ चे दोन स्प्लिटर (एका फायबरचा उजेड आठ वाटांत वाटणारे), ओएनटीच्या ब्राउझरमधल्या पानावर उजेडाचं रीडिंग मायनस २६.४ डीबीएम. सकाळी सगळं झकास, दुपारी एक-दीडनंतर एलओएसचा, म्हणजे उजेड येत नसल्याचा, लाल दिवा, आणि ऊन उतरलं की लाइन आपोआप परत. दोन ओएनटी बदलले तरी तेच, आणि एक्स्चेंजवाले म्हणायलेत की मायनस २७ पर्यंत चालतंय, तुमचं पास आहे. शेवटी तुम्ही विचारलंय की ओएनटी बसवायची आणि टेस्ट करायची खरी पद्धत काय.

पद्धत सांगतो, पण आधी हे दुपारचं बघू, कारण त्यातच निम्मी पद्धत येऊन जाते.

ओएनटी म्हणजे कंपनीची लाइन जिथं संपते आणि ग्राहकाचं स्वतःचं जाळं जिथं सुरू होतं तो डबा. त्याच्या तोंडाशी किती उजेड पोचायला पाहिजे हे मीटर लावायच्या आधी कागदावर काढता येतं, आणि ते कुणी काढतच नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. नुसता मायनस २६.४ हा आकडा चांगला का वाईट हे कुणीच सांगू शकत नाही, तिथं किती यायला पाहिजे होतं ते माहीत असल्याशिवाय.

काढून बघा. ओएलटी म्हणजे एक्स्चेंजमधलं यंत्र, त्याचा पोर्ट बी प्लस क्लासचा (उजेडाच्या ताकदीचा एक दर्जा) असेल तर तो प्लस १.५ ते प्लस ५ डीबीएम सोडतो, आपण प्लस ३ धरू (खरा आकडा एक्स्चेंजवाल्यांना विचारला की मिळतो, विचारायला लाजू नका). खाली येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा, त्याला किलोमीटरमागं पाव डीबी धरला तर ६ किलोमीटरचे दीड डीबी. १ ला ८ चा एक स्प्लिटर साडेदहा डीबी खातो, दोन म्हणजे २१. कनेक्टर चार धरा, प्रत्येकी ०.३ म्हणजे १.२. जॉइंट सहा, प्रत्येकी ०.१ म्हणजे ०.६. सगळं मिळून २४.३. प्लस ३ मधून वजा केलं की मायनस २१.३ राहतं. तुम्हाला मिळायलंय मायनस २६.४, म्हणजे ५ डीबीच्या वर कुठंतरी वाया चाललेत. ५ डीबी ऐकायला बारीक वाटतंय पण हा लॉगचा हिशोब आहे, ५ डीबी गेले म्हणजे यायला पाहिजे त्यातला एक तृतीयांशपण उजेड हातात आला नाही. आणि बी प्लसचा ओएनटी मायनस २७ पर्यंतच धरतो, तुमच्याकडं शिल्लक अर्धा डीबी. अर्ध्या डीबीवर मराठवाड्यातला एप्रिल-मे निघत नसतो.

तेव्हा एक्स्चेंजवाले चालतंय म्हणतेत ते मर्यादेच्या हिशोबानं खरं, पण लाइनच्या हिशोबानं चूक. मर्यादा हा डब्याचा गुण आहे. लाइनचा गुण म्हणजे हिशोब आणि रीडिंग यातला फरक, आणि तो दीड-दोन डीबीच्या वर गेला की कुठंतरी दोष आहे असंच धरायचं, दिवा कितीबी हिरवा असू द्या.

आता दुपारीच का जातं. इथं दिवे नीट वाचा. लाल एलओएस लागलाय म्हणजे ओएनटीला वीज आहे, म्हणून अडॅप्टरवर संशय नको. ओएनटी तापून त्याचा लेझर गळाला असता तर वरून येणारा उजेड शाबूत राहिला असता, म्हणजे एलओएस न लागता पीओएनचा (ओएलटीशी जोडणी दाखवणारा) दिवा लुकलुकत बसला असता. तुमच्याकडं सरळ एलओएस येतोय, म्हणजे वरून येणाराच उजेड कमी पडतोय आणि दोष बाहेर आहे, केबलमधी नाहीतर जोडात. म्हणून म्हणलं डबा बदलू नका.

बाहेरचं तुम्ही लिहिलं नाही, पण मी तिथं आलो तर पहिल्यांदा दोन गोष्टी बघीन. एक, ड्रॉप केबलला (स्प्लिटरपासून ग्राहकाच्या घरात येणारी शेवटची केबल) फास्ट कनेक्टर लावलाय का. लय जण लावतेत, कारण काच वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन प्रत्येकाकडं नसतं आणि फास्ट कनेक्टर पाच मिनिटात होतो. पण आत काच नुसती चिमटीत धरलेली असते आणि समोरच्या काचेशी जेलमधून टेकलेली असते. केबलचं प्लास्टिक उन्हानं लांबतं, रात्री आकसतं, काच तेवढी हलत नाही, अशी ओढाताण रोज होऊन होऊन काचेचं टोक बारीकसं मागं सरकतं आणि मधी फट पडती. सकाळी फट मिटती, दुपारी उघडती. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याखाली डबा असेल तर विचारूच नका.

दुसरं म्हणजे केबल रस्त्यावरून आडवी आणलीय का. आपल्याकडं दिवाळीनंतर ऊसतोडीचा सीझन सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांवर रचलेला ऊस घेऊन ट्रॅक्टर जातेत, केबल नुसती घासून गेली तरी ताणली जाती आणि क्लॅम्पपाशी मुडपती. तुटली असती तर बरं, लगेच कळलं असतं. ताणलेली केबल महिनोन् महिने अर्धवट चालत राहती. तसंच पत्र्याच्या कडेवरून काटकोनात वळवलेली केबल, खिळ्यानं आवळलेली केबल, खिडकीच्या फटीत चेपलेली केबल. साधी जी ६५२ डी फायबर ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा जास्त वाकवायची नाही, जी ६५७ ए१ ला १० आणि ए२ ला साडेसात चालतंय. केबलवर छापलेलं असतंय, वाचा. आणि घरात शिरताना एकतरी मोकळा गोल लूप ठेवा.

वाकल्यामुळं जातंय का जोडामुळं, हे केबल न उघडता ओळखायची एक रीत आहे आणि मला ती या सगळ्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी वाटती. जीपीऑनमधी, म्हणजे स्प्लिटरवाल्या या फायबरच्या पद्धतीत, खाली येणारा उजेड १४९० चा आणि वर जाणारा १३१० चा, दोन्ही एकाच काचेतून. वाकलेल्या जागी लांब तरंगलांबी जास्त गळती, म्हणजे १४९० जास्त मार खातो आणि १३१० कमी. घाण कनेक्टर, कच्चा जॉइंट, फट पडलेला फास्ट कनेक्टर हे मात्र दोघांना जवळपास सारखंच कापतेत. म्हणून एक्स्चेंजला फोन करून ओएलटीवर तुमच्या ओएनटीचा उजेड किती पोचतोय ते विचारा. हिशोब असा, ओएनटी साधारण प्लस २ सोडतोय धरू (त्याच्या पानावर टीएक्स पॉवर दिसती, तीच घ्या), १३१० ला किलोमीटरमागं ०.३५ म्हणजे ६ किलोमीटरला २.१, बाकी स्प्लिटर-कनेक्टर-जॉइंट तेच, एकूण २४.९. म्हणजे ओएलटीवर मायनस २२.९ च्या आसपास दिसायला पाहिजे. तिथं मायनस २८ दिसलं तर दोन्हीकडं ५-५ गेलेत, जोड तपासा. मायनस २४-२५ दिसलं, म्हणजे खाली ५ गेले आणि वर दीड-दोनच, तर डोळे झाकून वाकण शोधायला लागा.

यात एक खबरदारी. ओएनटीच्या पानावरचं रीडिंग एक-दोन डीबी इकडंतिकडं असू शकतंय, ते रोजच्या नजरेला ठीक, पण निकाल द्यायचा तर मीटर लावा. मीटरवर तरंगलांबी १४९० च निवडलीय का बघा, १३१० वर ठेवून मोजलं तर आकडा चुकणार. केबल टीव्हीचा १५५० त्याच फायबरवर असेल तर साधा मीटर दोन्हीची बेरीज दाखवतो आणि तुम्हाला वाटतंय लय भारी लाइन आहे. आणि साध्या मीटरनं ओएनटीचा वर जाणारा उजेड मोजायला जाऊच नका. वरून सिग्नल आल्याशिवाय ओएनटी बोलतच नाही, बोलला तरी सलग नाही, तुकड्या-तुकड्यानं बोलतो. त्याला दोन्ही बाजूंनी मधी लागणारा पीऑन मीटरच पाहिजे. तुमच्याकडं नसेल तर ओएलटीवरचा आकडा पुरतो.

मोजायचं कधी? दुपारी दोनला! सकाळी दहाला चांगल्या चालणाऱ्या लाइनवर मीटर लावून काय सापडणार. दुसऱ्या स्प्लिटरच्या तुमच्या पायावर (म्हणजे तुमच्या ग्राहकाकडं निघणाऱ्या वाटेवर) मोजा, लगेच शाखेत येऊन ड्रॉपच्या टोकाला मोजा. दोन-अडीचशे मीटरच्या ड्रॉपमधी काचेचा लॉस नगण्य, दोन कनेक्टर धरून एक डीबीच्या आत फरक पाहिजे. तीन-चार आला तर दोष ड्रॉपमधीच, आणि मग संध्याकाळी अंधार पडताना ओएनटीकडून व्हीएफएल (लाल लेझरचा टॉर्च) सोडून केबलवर चालत जा, जिथं वाकलीय तिथं आवरणातून लाल फुटलेलं दिसतंय (काळ्या जाड आवरणाची केबल असेल तर नाही दिसत, मग क्लॅम्प न क्लॅम्प सोडून बघावं लागतंय). व्हीएफएल लावायच्या आधी ओएनटी काढा, आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं खात्री करायचंपण नाही. तो उजेड डोळ्याला दिसत नाही आणि दिसत नाही म्हणूनच धोक्याचा आहे.

आता नवीन ओएनटी बसवायची गोष्ट.

ड्रॉप केबल घरात आणायच्या आधी तिची आधाराची तार बाहेरच कापून टाका. फायबर वीज वाहत नाही हे खरं, पण इंग्रजी 8 च्या आकाराच्या ड्रॉपमधी स्टीलची तार असती, काहींच्या आतसुद्धा स्टीलच्या काड्या असतेत, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्याच वाटेनं घरात झटका येतो. मिळत असेल तर आत एफआरपीची (वीज न वाहणाऱ्या फायबर-प्लास्टिकची) काडी असलेलीच केबल घ्या. मग भिंतीवर टर्मिनेशन बॉक्स, त्यात पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) स्प्लाइस करून, आणि बॉक्सपासून ओएनटीपर्यंत तयार पॅचकॉर्ड. फास्ट कनेक्टर तात्पुरता म्हणून ठीक आहे, पतसंस्था, दवाखाना, शाळा अशा ठिकाणी मी तो ठेवू देत नाही. काच कापायच्या क्लीव्हरचं पातं बोथट झालं की कितीबी भारी मशीन असू द्या जॉइंट कच्चाच बसणार, काप एक अंशाच्या आत सरळ पाहिजे. उन्हाळ्यात धुळीत काम करताना दिवसाची सुरुवात आर्क कॅलिब्रेशननं (मशीनच्या ठिणगीची जुळणी) करा.

हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकात घालू नका. हिरवा एपीसी, त्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतंय, निळा यूपीसी सरळ. दोन्ही एकमेकात बसतेत, लाइनपण चालू होती, पण टोकाला टोक भिडत नाही, काही डीबी तिथंच जातेत आणि उजेड उलटा परततो तो वेगळाच त्रास. ओएनटीचं तोंड कुठल्या रंगाचं ते बघून पॅचकॉर्ड घ्या. माझ्याकडं जेवढ्या तक्रारी येतेत त्यात केबल तुटण्यापेक्षा या दोन गोष्टी जास्त निघतेत, रंगाची गडबड आणि घाण. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ, वरून सरकीच्या दिवसात हवेत कापसाचा फुफाटा, कनेक्टरची टोपी काढून ठेवली की संपलं. शर्टाला पुसायचं नाही, तोंडानं फुंकायचं नाही, वाफ बसती. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या बिनतंतूच्या कागदानं पुसा, लगेच कोरड्यानं पुसा, नाहीतर एक-क्लिकवाला क्लीनर वापरा. दोन्ही बाजू. लोक पॅचकॉर्ड पुसतेत आणि अडॅप्टरच्या आतलं टोक विसरतेत.

उजेड बरोबर आला की मग नोंदणी. ओएनटीच्या मागं सिरियल नंबर असतो, चार अक्षरं कंपनीची आणि पुढं आठ आकडी-अक्षरी कोड, तो फोटो काढूनच पाठवा, तोंडी सांगताना बी आणि आठ, डी आणि शून्य यात घोळ होतो. तुम्ही दोनदा डबा बदलला तेव्हा जुने नंबर ओएलटीवरून काढायला लावले का तेपण बघा. पीओएनचा दिवा लुकलुकतो तोपर्यंत ओएनटी ओ२, ओ३, ओ४ या पायऱ्यांवर आहे, स्थिर झाला की ओ५, म्हणजे कामाला लागला. लाल नाही, पण लुकलुकणं थांबतच नाही, तर एक तर सिरियल नंबर चुकलाय नाहीतर तुमचा उजेड वर पोचत नाहीये. एकाच वेळी त्या पोर्टवरचे सगळेच ग्राहक लुकलुकायला लागले तर कुणाचातरी ओएनटी बिघडून नको तेव्हा उजेड सोडायलाय, तो एकेक काढून शोधावा लागतो, त्याच्यात तुमचा दोष नाही.

वीज. १२ व्होल्टचा अडॅप्टर डब्यासोबत आलेलाच लावा, राउटरचा ९ व्होल्टवाला पिनला बसतो म्हणून लावू नका. गावातला कमी व्होल्टेज हे चांगले अडॅप्टर सोसतेत, ते १०० ते २४० वर चालतेत. खरा त्रास लाइट जाऊन इन्व्हर्टरवर जाताना जो क्षणभर खंड पडतो त्याचा, ओएनटी रीस्टार्ट होतो आणि परत ओ५ ला येईपर्यंत काउंटरवरचा माणूस ओरडतो. १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस लावला की हे मिटतंय. आणि ग्राहक म्हणाला लाइन गेली होती तर ओएलटीवर शेवटचं कारण काय नोंदलंय ते विचारा. डाइंग गॅस्प दिसला तर वीज गेली होती, ओएनटी मरता मरता तेवढा निरोप पाठवतो. एलओएस दिसला तर फायबर. या एका प्रश्नात निम्म्या फेऱ्या वाचतेत. डबा खिडकीच्या उन्हात किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नका, आतलं मॉड्यूल साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं आणि मे महिन्यात ४२-४३ च्या हवेत बंद लाकडी कपाटात तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. पानावर मॉड्यूलचं तापमान आणि बायस करंट (लेझरला लागणारा करंट) दिसतो, दोन्ही लिहून ठेवा, पुढच्या वर्षी बायस बराच वाढलेला दिसला तर लेझर म्हातारा व्हायलाय असं समजा.

स्पीडची टेस्ट वायफायवर करायची नाही, लॅन केबल लावूनच. ९४-९५ एमबीपीएसवर अडकलं तर फायबरला हात लावू नका, लॅनच्या केबलमधली एखादी जोडी तुटलीय नाहीतर आरजे ४५ चा प्लग नीट दाबला नाही, आणि पोर्ट गिगाबिटऐवजी १०० वर बोलतोय. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डानं लॉगिन होणारी जोडणी) असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटात मावणारे जास्तीत जास्त बाइट, १४९२ होतो. पिंगला तुकडे न करण्याची खूण लावून १४६४ बाइटचं पाकीट जायला पाहिजे, १४७२ चं जाणार नाही आणि ते बरोबरच आहे. पतसंस्थेत हे मुद्दाम तपासा, कारण त्यांचं बँकिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक व्हीपीएनमधून जातं, आणि एमटीयूचा मेळ बसला नाही की लॉगिन होतंय, पान अर्धं उघडतंय, पुढं काहीच नाही, आणि बोल तुमच्या फायबरला. राउटरवर एमएसएस (पाकिटातल्या डेटाची मर्यादा) कमी केला की सुटतं.

पिंग आधी गेटवेला (तुमच्या लाइनीच्या वरचं पहिलं यंत्र), मग बाहेर. सलग हजार पाकिटं पाठवा, गेटवेपर्यंत एकपण गळायला नको. ओएनटीच्या पानावर नाहीतर ओएलटीवर बीआयपी एररचे (वाटेत बिघडलेल्या बिटांचे) काउंटर असतेत, ते शून्य करून या आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. चोवीस तासात वाढले तर उजेड काठावर आहे किंवा कुठंतरी परावर्तन आहे, स्पीड टेस्ट कितीबी छान येऊ द्या. चोवीस तास यासाठी, की आपल्याकडची दुपार त्यात आली पाहिजे.

मी स्वतः बी प्लसवर मायनस २४ च्या खालची लाइन ताब्यात देत नाही, हिशोबच तसा येत असेल तर गोष्ट वेगळी, मग स्प्लिटरची रचना बदलायची किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा सी प्लसचा पोर्ट मागायचा. उलटंपण होतं, मायनस ८ पेक्षा जास्त उजेड आला तर ओएनटी दिपतो. तालुक्याहून ग्रामपंचायतीकडं टाकलेल्या भारतनेटच्या लाइनी पहिल्या टप्प्यात जीपीऑनवरच होत्या, तिथं अंतर लांब आणि वाटे कमी, गावातल्या घरगुती लाइनीत अंतर कमी आणि वाटे जास्त. म्हणून एका ठिकाणचा चांगला आकडा दुसऱ्या ठिकाणी लावू नका, प्रत्येक लाइनीचा हिशोब वेगळा काढा.

ताब्यात देताना टर्मिनेशन बॉक्सच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा. तारीख, वेळ, हिशोबाचा आकडा, खालचं रीडिंग, ओएलटीवरचं रीडिंग, स्प्लिटर नंबर आणि पाय नंबर. पुढं जो कोणी येईल त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तुमच्या शाखेसाठी आता एवढं करा. दुपारी दोनला स्प्लिटरच्या पायावर आणि ड्रॉपच्या टोकाला १४९० ची दोन रीडिंग, एक्स्चेंजकडून ओएलटीवरचा आकडा, आणि त्याच स्प्लिटरवरच्या एक-दोन शेजाऱ्यांच्या ओएनटीचं रीडिंग. ड्रॉपमधी फरक सापडला तर दोन्ही टोकांचे फास्ट कनेक्टर काढून स्प्लाइस करा आणि केबलची वळणं मोकळी करा. स्प्लिटरच्या पायावरच मायनस २५-२६ असेल आणि शेजारीपण तेवढ्यावरच असतील तर दोष तुमच्या वरचा आहे, दुसऱ्या स्प्लिटरपाशी नाहीतर त्याच्याही वर, त्याला ओटीडीआर (दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) लागणार आणि तोपण चालू लाइनवर चालणारा १६२५ किंवा १६५० चाच, साधा लावला तर बाकीच्यांची लाइन बिघडते. ते काम एक्स्चेंजचं, पण नुसती लाइन जाती म्हणून तक्रार टाकू नका, वेळ घालून चारी आकडे लिहून पाठवा, म्हणजे चालतंय म्हणून परत पाठवायला त्यांना जागा राहत नाही.